शिट्टीनंतरचं मिनिट

ग्युमरीच्या ट्रंककॉल बोर्डावर मी एकवीस वर्षं बसले.
येरेवान, तिबिलीसी, कधीमधी मॉस्को.
नाव सांगायच्या आधी, नुसत्या श्वासावरून
ओळखायचे कोण आहे ते.
हा घड्याळवाला हमाझास्प, भावाकडे पैसे मागणार.
ही न्यायाधीशांची बायको, बोलणार काहीच नाही,
तीन मिनिटं पलीकडचं ऐकून फोन ठेवून देईल.

देवाची लाइन मात्र मला कधी लागली नाही.

पडदा ओढून प्रार्थना करायची आत्या. काळच तसा होता.
म्हणायची, तो बोलतो गं, तुझंच लक्ष नसतं.
मग मी लक्ष दिलं. गुडघे सुजेपर्यंत दिलं.
एका रात्री स्वच्छ ऐकू आलं:
तू इतरांसारखी नाहीस.
आठवडाभर जमिनीला पाय लागले नाहीत माझे.
पुढे कळलं, तो माझाच आवाज होता,
घसा खाकरून जरा जाड केलेला.
आणखी एकदा:
बाळ गेलं ते तुझ्या पापानं.
हाही त्याचा नव्हता. सासूचा होता,
आणि सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग तो डिसेंबर. सकाळचे अकरा एक्केचाळीस.
त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.
एवढंच सांगते, की दर तासाला एक शिट्टी व्हायची
आणि क्रेन थांबायच्या, ट्रक थांबायचे,
रडणाऱ्या बायका तोंडात रुमाल कोंबायच्या,
पुरुष ढिगाऱ्याला कान लावून पालथे पडायचे.
कुणीतरी ओरडलं, हिला बोलवा, एक्स्चेंजमधली आहे,
हिला कान आहे.

काळ्या दगडावर कान ठेवला
की आधी ऐकू येतं आपलंच रक्त.
मग कुठेतरी फुटलेला नळ.
मग जे ऐकू यावं असं वाटत असतं ते,
आणि ते सगळ्यात मोठ्यानं.
हे सारं एकेक करून बाजूला सारायचं,
मसुरातले खडे निवडावेत तसं,
तेही एका मिनिटात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत.
मग, असलंच तर,
टक्.
टक्.
दमलेलं. घाई नसलेलं.
थांबायचं, आणि पुन्हा.

न्वार्द नाव तिचं. नऊ वर्षांची. एक पाय गेला.
स्ट्रेचरवरून मला म्हणाली,
मला तुमचं सगळं ऐकू येत होतं, शिट्ट्यासुद्धा.
मी केव्हाची हाका मारत होते.
तुम्ही गप्प व्हायची वाट बघत होते.

आत्या सापडली नाही.

आता मी एकटी, दोन खोल्या, रॉकेलचा स्टोव्ह.
पहाटे किटली उतरवते, फ्रिजची पिन काढते
आणि मनातल्या मनात शिट्टी वाजवते.
बहुतेक दिवशी माझं रक्तच ऐकू येतं.
कधी नळ.
कधी मात्र, अगदी खालून,
वरसेनिककडे जा.

वरसेनिक! पाण्याच्या पंपावरून भांडलो त्याला चार वर्षं झाली.
मी म्हणते, बर्फ आहे. गुडघा आहे. तिनं आधी यायला हवं.
पलीकडून वाद नाही, धमकी नाही,
शाबासकीचं आमिषही नाही.
फक्त टक्. टक्.

चूक होते अजून. परवाच सूप घेऊन गेले एका आजारणीकडे,
ती ठणठणीत, नुकती जेवून बसलेली.
फादर येझनिकना सांगितलं तर हसले,
म्हणाले, तपासून बघत जा, शुभवर्तमानाशी ताडून बघ,
चारचौघांना विचार.
मी विचारलं, पण ओळखायचं कसं?
ते म्हणाले, हे तू मला विचारतेस?
ओळखीचं माणूस फोनवर कधी नाव सांगतं का?

खिडकीबाहेर अजून अंधार आहे.
लवाशच्या चार पोळ्या फडक्यात गुंडाळल्या आहेत.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
एक बूट चढवलाय,
दुसऱ्याची नाडी सापडत नाहीये.